बिनतारी जोडणी रुसते तेव्हा

घरातील दिवे एकाएकी गेले तर आपण काय करतो? प्रथम खिडकीपाशी जाऊन शेजाऱ्यांकडे उजेड आहे किंवा नाही ते पाहतो. त्यांच्याकडेही अंधार असेल तर मेणबत्ती लावून स्वस्थ बसतो. उजेड असेल तर आपल्या घरातील फ्यूजकडे वळतो. बिघाड आपल्या उंबऱ्याच्या आत आहे की बाहेर, हा पहिला प्रश्न विचारण्याची शहाणीव आपल्याला अनुभवाने आलेली असते. परंतु हाच समंजस गृहस्थ लॅपटॉपच्या पडद्यावर ‘जोडणी नाही’ अशी सूचना दिसताच भांबावून जातो. तो यंत्र बंद करतो, पुन्हा सुरू करतो, दिसेल ते बटण दाबतो आणि अखेरीस जाणत्या माणसाच्या शोधात निघतो. वास्तविक दिव्याच्या बाबतीत जी रीत आपण पाळतो, तीच येथेही पुरेशी आहे. त्या रीतीची ओळख करून देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. विशेषतः ज्या कुटुंबांत जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून मुलांच्या अभ्यासासाठी तो वापरात आणला आहे, त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

आमच्या घरी घडलेला प्रसंग

इंदूरच्या आमच्या घरी माझ्या पुतणीला प्रवेशअर्ज भरावयाचा होता. मुदत त्याच दिवशी मध्यरात्री संपत होती. प्रमाणपत्रांच्या प्रती, छायाचित्र, सही, सारे लॅपटॉपमध्ये व्यवस्थित साठविलेले होते. रात्रीचे आठ वाजले असतील. ती अर्ज पाठविण्यास बसली, तो बिनतारी जोडणीचे चिन्हच पडद्यावरून नाहीसे झालेले!

मग घरात एकच धांदल उडाली. तिच्या वडिलांनी राउटर तीन वेळा बंद करून सुरू केला. मी तारा हलवून पाहिल्या. शेजारच्या एका हितचिंतकांनी तर सारे यंत्र पुसून नव्याने भरण्याचा सल्ला दिला; त्यात अर्जाची सारी कागदपत्रे गेली असती, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. असा तासभर गेल्यावर पुतणीनेच विचारले, “काका, राउटर बिघडला असता तर बाबांचा फोन त्याच्यावर कसा चालला असता?” प्रश्न बिनतोड होता. त्यात भर एवढीच घालावी लागली, की फोनमधील मोबाइल डेटा आधी बंद करून पाहावा. नाहीतर फोन गुपचूप त्या वाटेने जातो आणि आपण फसतो. डेटा बंद केला, तरी फोनवर पाने उघडत होती. म्हणजे घरापर्यंतची वाट निर्वेध होती. दोष लॅपटॉपमध्येच होता. एक तासाच्या धांदलीने जे साधले नाही, ते एका प्रश्नाने साधले.

त्या रात्री पुढे काय झाले ते ओघाने सांगेनच. तत्पूर्वी ह्या अदृश्य वाटेची थोडी माहिती करून घेऊ.

वाट कशी असते

बिनतारी संदेशवहनाचे नाते आपल्या देशाशी जुने आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात अत्यंत आखूड विद्युत्‌लहरी मधल्या भिंतींपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली होती. आपल्या घरातील वायफाय अशाच आखूड लहरींवर चालते. त्यांचे दोन मुख्य पट्टे आहेत: एक २.४ गिगाहर्ट्‌झचा, ज्यातील लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. आणि दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा, ज्यातील लहर त्याच्या निम्म्याहून किंचित आखूड असते. भारतात पहिला पट्टा २००५ मध्ये अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याच्या अटीतून मुक्त झाला आणि दुसऱ्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये. म्हणूनच आज आपल्याला घरी राउटर बसविताना कोणाकडे परवाना मागावा लागत नाही.

लिनक्सचा जन्म १९९१ चा. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्‌स ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तो आरंभिला आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढविला. आपल्याकडेही पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक ह्या संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्स प्रणाली सिद्ध केली, आणि केरळातील शाळांनी तर संगणकशिक्षणासाठी मुक्त प्रणालींचाच अवलंब केला. असे असूनही बिनतारी जोडणीच्या बाबतीत लिनक्स वापरणाऱ्यांना बरीच वर्षे त्रास सोसावा लागला, ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

लॅपटॉपमध्ये वायफायचे एक छोटे कार्ड असते. त्या कार्डाशी बोलणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. आणि कार्डाच्या स्वतःच्या पोटात चालणारी आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. कित्येक उत्पादकांनी आपल्या कार्डांची अंतर्गत माहिती दीर्घकाळ गुप्त ठेवली. तेव्हा स्वयंसेवकांना कार्डाचे वर्तन निरखून, त्यावरून उलट तर्क करीत दुभाषी तयार करावे लागले. ब्रॉडकॉमसारख्या मोठ्या उत्पादकाने २०१० मध्ये आपल्या काही कार्डांचा खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला, तेव्हा ती बातमी आनंदाने वाचली गेली. फर्मवेअरचेही असेच. डेबियन ह्या प्रतिष्ठित प्रणालीने तत्त्व म्हणून खुले नसलेले फर्मवेअर आपल्या अधिकृत स्थापना-संचाबाहेर ठेवले होते. सभासदांच्या २०२२ मधील मतदानानंतर, २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते संचात येऊ लागले. आज बहुतेक कार्डे कोणत्याही खटपटीवाचून चालतात. परंतु जुना लॅपटॉप, अगदी नवे कार्ड किंवा वेगळा बसविलेला ड्रायव्हर असेल, तर मात्र दुभाष्याची गाठ पडते.

पायरी-पायरीने निदान

आता लॅपटॉप समोर घ्या. पुढील आज्ञा ‘टर्मिनल’ नावाच्या खिडकीत रोमन लिपीतील लहान अक्षरांनी लिहावयाच्या आहेत. त्यांपैकी बहुतेक आज्ञा केवळ माहिती विचारणाऱ्या आहेत, तेव्हा भिण्याचे कारण नाही.

पहिली पायरी: रेडिओ बंद तर नाही ना? कित्येक लॅपटॉपांच्या कडेला बारीक खटका असतो, किंवा वरच्या ओळीतील एका कळीवर विमानाचे अथवा मनोऱ्याचे चित्र असते. मुलांच्या हातून ती दाबली गेली, की कार्ड मुके होते. ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दिल्यास प्रत्येक रेडिओपुढे दोन ओळी दिसतात. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे होकार असेल, तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ ह्या आज्ञेने अडसर दूर होतो. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे होकार असेल, तर मात्र आज्ञेचा उपयोग नाही, तो खटका किंवा ती कळ शोधावीच लागते.

दुसरी पायरी: यंत्राला कार्ड दिसते आहे का? ‘एल-एस-पी-सी-आय’ ही पाच अक्षरे, मग मोकळी जागा, मग आडवी रेघ आणि तिला लागून ‘के’ असे लिहा. लॅपटॉपच्या आतील उपकरणांची यादी येईल. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ असा उल्लेख असलेला भाग पाहा. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल तर दुभाषी कामावर आहे. कार्डाचे नाव आहे, पण ही ओळ नाही, असे दिसले तर दुभाषीच गैरहजर आहे असे समजावे. बाहेरून खोचलेले कार्ड असल्यास त्याच रीतीने ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. दोन्ही याद्यांत कार्डाचा मागमूस नसेल, तर ते जागेवरून सैल झाले असेल किंवा निकामी तरी झाले असेल.

आमच्या पुतणीच्या लॅपटॉपमध्ये दोष ह्याच पायरीवर सापडला. कार्डाचे नाव ठळक दिसत होते. ड्रायव्हरची ओळ मात्र बेपत्ता होती. आदल्या दिवशी प्रणालीचे अद्ययावतीकरण झाले होते आणि त्यात नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आला होता. आमच्या कार्डाचा ड्रायव्हर बाहेरून आणून बसविलेला. असा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, आणि त्याला लागणाऱ्या ‘हेडर्स’ नावाच्या धारिका नव्या कर्नलबरोबर आल्या नव्हत्या. त्या आणावयाच्या तर इंटरनेट हवे. आणि इंटरनेट हवे तर ड्रायव्हर हवा!

ह्या कोड्यातून सुटण्याचा मार्ग फोनने दाखविला. फोन चार्ज करण्याच्याच तारेने तो लॅपटॉपला जोडला आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले. क्षणार्धात लॅपटॉपने तारेची जोडणी ओळखली. अँड्रॉइड फोनसाठी ह्याला बहुधा निराळे काहीही बसवावे लागत नाही. तार मात्र केवळ चार्जिंगची नव्हे, तर माहिती वाहून नेणारी असावयास हवी. पुतणीने आधी अर्ज पाठविला; पावणेअकराच्या सुमारास त्याची पोच पडद्यावर उमटली. दुरुस्ती आम्ही दुसऱ्या दिवसावर ठेवली.

वाचकहो, ह्या लेखातील एवढीच गोष्ट ध्यानात राहिली तरी पुरे: निकड असेल तेव्हा काम आधी, दुरुस्ती मागाहून. फोनची तार, किंवा राउटरला जोडण्याची इथरनेटची तार घरात असली म्हणजे बिनतारी बिघाड संकट न राहता केवळ गैरसोय उरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू होताना येणाऱ्या ‘ग्रब’ ह्या यादीतून प्रगत पर्यायांत जाऊन आम्ही जुना कर्नल निवडला, तो बिनतारी जोडणी जशीच्या तशी हजर! ही यादी दिसत नसेल तर यंत्र सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबावी. अद्ययावतीकरणानंतर बिघाड झाला असेल, तर हा उपाय सर्वांत आधी करून पाहण्यासारखा आहे. मग हेडर्स उतरवून ड्रायव्हर पुन्हा बांधला आणि नवा कर्नलही चालू लागला. एक सूचना मात्र हवी. यंत्रात ‘सिक्युअर बूट’ ही सुरक्षा चालू असेल तर सही नसलेला बाहेरचा ड्रायव्हर ती आत येऊ देत नाही. अशा वेळी प्रणाली सांगेल त्याप्रमाणे त्या सहीची नोंद करावी लागते.

तिसरी पायरी: दुभाषी आहे, पण त्याला बोलता येते का? ड्रायव्हरची ओळ असूनही जवळचे एकही जाळे दिसत नसेल, तर फर्मवेअरचा संशय घ्यावा. ‘सुडो’ हा शब्द आणि त्यापुढे ‘डी-एम-ई-एस-जी’ ही आज्ञा दिल्यास यंत्राची दैनंदिनी उघडते. तीत ‘फर्मवेअर’ ह्या शब्दाजवळ ‘फेल्ड’ असे दिसले, तर हवी ती धारिका यंत्रात नाही असा अर्थ होतो. आपल्या प्रणालीच्या भांडारातील फर्मवेअरचा संच, पुन्हा त्या फोनच्या तारेनेच, बसवून यंत्र बंद करून सुरू करावे.

ज्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदत असतात, तेथे एक वेगळाच प्रकार आढळतो. विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय यंत्र पुरते बंद न करता अर्धवट निजवते, आणि काही कार्डे त्याच स्थितीत अडकून पडतात. मग लिनक्सला ती जागी करता येत नाहीत. विंडोजमध्ये जाऊन ही सोय बंद केली की प्रश्न बहुधा मिटतो.

चौथी पायरी: इतर जाळी दिसतात, आपलेच दिसत नाही. येथे दोन शक्यता आहेत. राउटर केवळ ५ गिगाहर्ट्‌झवर चालू असेल आणि जुने कार्ड केवळ २.४ जाणणारे असेल, तर दोघांची भेट होणेच शक्य नाही. दुसरी शक्यता वाहिनीची. २.४ च्या पट्ट्यातील १२ आणि १३ ह्या वाहिन्या सर्व देशांत सारख्या मोकळ्या नाहीत. म्हणून यंत्राला आपला देश ठाऊक नसला की लिनक्स तेथे आपण होऊन बोलत नाही, आणि काही कार्डे तर त्या वाहिन्यांकडे फिरकतच नाहीत. राउटर १, ६ किंवा ११ ह्यांपैकी एका वाहिनीवर ठेवावा. ह्या तीन वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत, हा त्यांचा आणखी एक गुण.

पाचवी पायरी: जाळे दिसते, पण आत घेत नाही. परवलीचा शब्द पुन्हा तपासा. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद येथे महत्त्वाचा असतो. राउटरचा शब्द बदलला असेल तर लॅपटॉप जुनाच शब्द पुढे करीत राहतो. जुनी नोंद पुसून जोडणी नव्याने करावी. राउटर ‘डब्ल्यूपीए-३’ ह्या नव्या सुरक्षेचाच आग्रह धरीत असेल, तर जुनी कार्डे दाराशीच अडतात. राउटरमध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ आणि ‘३’ ह्यांचा मिश्र पर्याय असल्यास तो निवडावा. परंतु सुरक्षा अजिबात काढून टाकण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. रस्त्यावरून जाणाऱ्याला घराची किल्ली देण्यासारखेच ते आहे.

सहावी पायरी: जोडणी झाली, पण पाने उघडत नाहीत. आता वाटेवरील एकेक नाका तपासावयाचा. ‘पिंग’ ही आज्ञा म्हणजे पलीकडच्याला हाक मारणे. ‘आयपी रूट’ ह्या आज्ञेत ‘डिफॉल्ट व्हाया’पुढे राउटरचा अंकात्मक पत्ता दिसेल, प्रथम त्याला हाक मारा. तेथून उत्तर आले तर लॅपटॉप ते राउटर ही वाट ठीक आहे. मग ८.८.८.८ ह्या बाहेरच्या पत्त्याला हाक मारा. तेथूनही उत्तर येते, पण संकेतस्थळाच्या नावाला येत नाही, असे झाले तर नावांचे पत्ते सांगणारी डीएनएस सेवा अडली आहे. जोडणीच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या डीएनएसचा पत्ता घालून पाहावा. राउटर उत्तर देतो आणि बाहेरचे कोणीच देत नाही, तर मात्र तक्रार सेवा पुरविणाऱ्याकडेच केली पाहिजे. आणि ती आता आपण ठामपणे करू शकता.

जुन्या लॅपटॉपचे घड्याळही पाहावे. आतील लहान बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ब्राउझरला खोटी वाटू लागतात. रेल्वे स्थानकावर किंवा अतिथिगृहात जोडणी होऊनही काही उघडत नसेल, तर तेथील प्रवेशपान अजून समोर आलेले नसते. व्हीपीएन आणि स्वतः घातलेला डीएनएस तात्पुरता बंद करून ब्राउझर पुन्हा उघडावा.

सातवी पायरी: जोडणी येते आणि जाते. येथे बहुधा घराचाच दोष निघतो. जाड भिंती, लोखंडी सळ्यांचे काँक्रीट, पोलादी कपाट, पाण्याची टाकी ही सारी लहरींना अडवितात. मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालत असल्याने ती सुरू असेपर्यंत २.४ चा पट्टा गढूळ होतो. लॅपटॉपला लावलेली यूएसबी-३ ची चकतीसुद्धा त्याच पट्ट्यात कुरकुर करते. शक्य असल्यास जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्‌झ वापरावा आणि राउटर उंच, मोकळ्या जागी ठेवावा. लहरींचे बळ उणे अंकांत सांगितले जाते: उणे ५० उत्तम, उणे ७० कामचलाऊ, आणि उणे ८० च्या खाली गेल्यास भरवसा नाही.

बळ चांगले असूनही जोडणी तुटत असेल, तर कार्डाची वीज वाचविण्याची सवय तपासावी. काही कार्डे थोडी विश्रांती मिळताच डुलकी घेतात. ‘सुडो’ लिहून त्यापुढे ‘आयडब्ल्यू डेव्ह’, मग कार्डाचे नाव आणि ‘सेट पॉवर-सेव्ह ऑफ’ अशी आज्ञा द्यावी. ‘पॉवर’ आणि ‘सेव्ह’ ह्यांच्या मधली रेघ मात्र अक्षरांच्या तळाशी येणारी असावी. कार्डाचे नाव ‘आयडब्ल्यू डेव्ह’ एवढ्याच आज्ञेने कळते. यंत्र पुन्हा सुरू करताच ही व्यवस्था पूर्ववत होते, म्हणून ती निर्धास्तपणे करून पाहावी. गुण आला, तरच ‘नेटवर्क मॅनेजर’च्या सेटिंगमध्ये ती कायमची करावी.

काही पथ्ये

एका वेळी एकच बदल करा. चार उपाय एकदम केले आणि जोडणी सुरू झाली, तर गुण कोणाचा हे कधीच कळत नाही. कोठेतरी वाचलेली, अर्थ न कळलेली आज्ञा ‘सुडो’सह कदापि देऊ नका; तो शब्द म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाराची मोहोर आहे. परीक्षा, अर्ज, मुलाखत यांच्या आदल्या दिवशी अद्ययावतीकरण करू नका. ते टाळू नका, पण निवांत दिवशी करा. आणि कार्ड खरोखरच निकामी झाले, तर यूएसबीवर खोचावयाचे लहान कार्ड अल्प खर्चात मिळते. मात्र खरेदीपूर्वी आतील चिप कोणती आणि तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे किंवा कसे, ह्याची चौकशी अवश्य करावी. केवळ खोक्यावरील चित्र पाहून घेऊ नये.

आमच्या पुतणीने त्या रात्रीनंतर एक साधी वही घातली आहे. तीत कार्डाचे नाव, ड्रायव्हरचे नाव, अद्ययावतीकरणाची तारीख, आणि काय बिघडले व कशाने सुधारले, एवढेच लिहिलेले असते. मध्यंतरी तिच्या वडिलांच्या लॅपटॉपची जोडणी अडली, तेव्हा ती परगावी वसतिगृहात होती. दादांनी वही काढली, पहिल्या पानावरचा प्रश्न वाचला आणि आधी फोनचा मोबाइल डेटा बंद केला. दोष त्या वेळी राउटरमध्ये निघाला. जाणत्या माणसाला बोलवावे लागले नाही. लॅपटॉप पुसण्याची गोष्टही कोणी काढली नाही.